पोर्ट्रेटमधील फोरग्राउंड : पुढ्यातल्या वस्तूंचा इतिहास

ठाण्यात मासुंदा तलावाच्या काठी किंवा उपवन परिसरात पोर्ट्रेट काढताना कॅमेऱ्यापुढे फांदी, ओढणी किंवा काच धरण्याची पद्धत आता रुळली आहे. मात्र माणसाच्या पुढ्यातल्या वस्तूंमधून त्याची ओळख सांगण्याची रीत छायाचित्रणापेक्षाही जुनी आहे. जर्मन चित्रकार हान्स होल्बाइनने १५३२ मध्ये गेओर्ग गिझे या व्यापाऱ्याचे जे चित्र रंगवले, त्यात टेबलावर नाणी, मोहोर, लेखणी, कात्री आणि काचेच्या पात्रातली फुले अशी मांडणी आहे, आणि चेहऱ्याकडे जाणारी नजर आधी त्या वस्तूंवरून जाते.

बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावल्यानंतर वर्षभराने, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. त्या काळी फोटो टिपताना काचेवर प्रकाश पडू द्यायला काही सेकंद लागत असल्यामुळे, तोवर स्थिर राहण्यासाठी हात टेकायला टेबल सोयीचे ठरे आणि त्यावर पुस्तक किंवा फुलदाणी मांडली जाई. पण ही सामग्री बहुधा स्टुडिओच्या मालकीची असे. एकच फुलदाणी अनेकांच्या पुढ्यात आल्याने त्या फोटोंतून प्रतिष्ठा कळते, स्वभाव क्वचितच कळतो.

हा संकेत मोडणाऱ्या छायाचित्रांत अर्नोल्ड न्यूमन यांनी १९४६ मध्ये टिपलेले संगीतकार स्ट्राविन्स्की यांचे छायाचित्र मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्यात पियानोच्या उघड्या झाकणाचा काळा आकार चौकटीचा बहुतेक भाग व्यापतो आणि संगीतकार स्वतः खालच्या कोपऱ्यात आहेत, तरीही त्यांच्या संगीताचा करारीपणा त्या आकारातूनच जाणवतो. पुढे न्यूयॉर्कमध्ये सॉल लायटर यांनी ओल्या, धुरकट काचांआडून माणसे टिपली. १९५९ च्या निकॉन एफ या कॅमेऱ्यानंतर एसएलआर प्रकारचे कॅमेरे व्यावसायिकांमध्ये सर्वमान्य झाले. त्यांत दृश्य थेट लेन्समधूनच दिसत असल्याने जवळची वस्तू किती धूसर होते, हे बटण दाबण्यापूर्वीच पाहता येऊ लागले.

२०१६ मध्ये आयफोन ७ प्लसवर आलेल्या पोर्ट्रेट मोडने मागची धूसरता सर्वांच्या हाती दिली, परंतु पुढ्यातली बारीक वस्तू अशा सॉफ्टवेअरला अजूनही चकवते. दिवाळे कोळीवाड्यातल्या मच्छीमाराचा चेहरा त्याच्याच जाळ्याआडून टिपायचा, तर मोठ्या छिद्राची लेन्स जाळ्याच्या अगदी जवळ नेऊन फोकस डोळ्यांवर ठेवावा लागतो. तेव्हा धागे विरघळल्यासारखे पसरतात, नजर स्पष्ट राहते आणि जाळे त्याच्या कष्टाचा भाग म्हणून चित्रात उतरते.