ऑफशोअर कंपनीकडील थकबाकी आणि सोलापूरचे निर्यातदार

ब्रिटिश व्हर्जिन बेटांसारख्या ठिकाणी नोंदलेल्या कंपनीकडचे येणे तिथल्या दिवाळखोरी कायद्याचा आधार घेऊन मागण्याचा एक मार्ग आहे. सोलापुरी टेरी टॉवेल किंवा चादरीचा खरेदीदार दुबईत बसतो, पण बिल या बेटांवरच्या कंपनीच्या नावे असते, तेव्हा निर्यातदाराला त्याची गरज पडते.

गाडी अडते ती देणेकरी नेमका कोण, इथे. ऑर्डरचा मेल एका कंपनीचा, प्रोफॉर्मा (मालाआधीचे कच्चे बिल) दुसरीच्या नावे आणि आधीचे पैसे हाँगकाँगमधल्या तिसऱ्याच खात्यातून आलेले. म्हणून बेटांवरच्या लॉ फर्ममधला असोसिएट (कनिष्ठ वकील) आधी तिथल्या निबंधक कार्यालयातून कंपनीची माहिती काढतो. तीत रजिस्टर्ड एजंट, म्हणजे कंपनीचा तिथला अधिकृत प्रतिनिधी सापडतो, भागधारक सापडत नाहीत. शिपिंग बिल, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती), बँकेचे जमा-दाखले, लेजर तारीखवार लावून प्रतिज्ञापत्राचा मसुदा करणे हेही त्याच्याचकडे. मराठी नोंदींना इंग्रजी भाषांतर लागते. टोर्टोलात, म्हणजे यातल्या मुख्य बेटावर, सकाळचे नऊ वाजतात तेव्हा सोलापुरात संध्याकाळचे साडेसहा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला अकाउंटंट तोवर घरी निघालेला असतो.

तिथल्या २००३ च्या दिवाळखोरी अधिनियमानुसार किमान २,००० अमेरिकी डॉलरच्या येण्यासाठी वैधानिक मागणीपत्र बजावता येते. २१ दिवसांत पैसे आले नाहीत तर कंपनी दिवाळखोर मानून लिक्विडेटर (कंपनी गुंडाळून मालमत्ता वाटणारा अधिकारी) नेमण्याचा अर्ज करता येतो. मात्र १४ दिवसांत कंपनी मागणीपत्र रद्द करून मागू शकते, आणि येण्याबद्दल ठोस वाद दिसला तर ते रद्द होतेच. ‘जीएसएम (कापडाचे दर चौरस मीटर वजन) कमी भरले’, ‘रंग जातो’ असे जुने मेल अनुत्तरित राहिले असतील तर तेच पुढे येतात. तक्रार काही खेपांपुरतीच असेल, तर तेवढी रक्कम वगळून मागणी करणे शहाणपणाचे. करारात लवादाचे कलम आहे एवढ्यावर कंपनीची सुटका होत नाही. खरा, ठोस वाद दाखवावा लागतो, असे प्रिव्ही कौन्सिलने (लंडनमधले या बेटांचे अंतिम अपील न्यायालय) २०२४ मध्ये सियान विरुद्ध हलिमेडा प्रकरणात ठरवले.

अर्जाचा निकाल सहा महिन्यांत लागावा लागतो. मुदतवाढ एका वेळी जास्तीत जास्त तीन महिन्यांची. लिक्विडेटर आला म्हणजे पैसे आले असे नाही. तारणधारक, लिक्विडेशनचा खर्च आणि प्राधान्याची देणी यांनंतर उरलेले बाकीच्या धनकोंत प्रमाणात वाटले जाते, अर्जदार पहिला म्हणून त्याला जास्त मिळत नाही. कंपनी रिकामी असेल तर तपासाचा खर्चही धनकोंकडेच मागितला जातो, म्हणून मालमत्तेचा अंदाज मागणीपत्राआधीच घ्यावा. ईसीजीसी या निर्यात पतविमा देणाऱ्या सरकारी कंपनीचा विमा असेल, तर खरेदीदाराला सूट किंवा हप्ते कबूल करण्यापूर्वी त्यांची संमती घ्यावी. नाहीतर विम्याचा दावाही अडकतो.