गोळीला वारा लागतो तो असा

१ ऑगस्ट २०२४ ला स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकलं आणि आमच्या शाळेच्या ग्रुपवर पेढ्यांच्या फोटोंचा पाऊस पडला. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, मध्य रेल्वेत नोकरीला, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून मारायचा प्रकार) भारताचं पहिलं पदक. त्या गर्दीत एका मित्राचा प्रश्न होता: “टीव्हीवाले सारखं वारा वारा का करतायत? गोळीला वारा काय करणार? आणि करत असेलच, तर जास्त दमाची काडतुसं वापरा की!”

दुसऱ्यानं त्यावर लगेच ‘लाइक’चा अंगठा टाकला. मला राहवलं नाही. या खेळातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट नेमकी त्या प्रश्नात दडलेली होती. जास्त दमाचं काडतूस वापरलं तर वारा जास्त लागतो. कमी नाही, जास्त.

आधी काडतुसाची ओळख. एनसीसी केलेल्यांना ती करून द्यायला नको. कॅम्पमध्ये ताडपत्रीवर पालथं पडून उस्तादांच्या ओरड्यात आपण जे पाच राउंड मारले, ते ‘पॉइंट टू-टू’चे, म्हणजे ०.२२ इंच जाडीच्या गोळीचे. माझे पाचांतले दोन शेजारणीच्या टार्गेटवर लागले होते. तिला सात भोकांचं कौतुक मिळालं, पण तो विषय वेगळा. निघताना चोरून खिशात घातलेली पुंगळी मी पुढं कितीतरी वर्षं जपली. ती नीट पाहिली तर एक मजा दिसते. मोठ्या बंदुकीच्या पुंगळीच्या बुडाला मधोमध एक टोपी असते आणि पिन तिच्यावर आदळते. इथं मधे काहीच नाही, खूण असते ती काठावर, चिमटा काढल्यासारखी. काडतुसाचं बूड बाहेर दुमडून पोकळ काठ केलेला असतो. स्फोटक मसाला ओला असताना पुंगळी गरगर फिरवून तो या काठात पसरवतात. पिननं काठ चेपला की मसाला पेटतो. रिम म्हणजे काठ, म्हणून हे रिमफायर.

कल्पना जुनी आहे. पॅरिसच्या फ्लोबेर यांनी १८४५ च्या सुमारास दिवाणखान्यात नेमबाजी करण्यासाठी असलं चिमुकलं काडतूस काढलं. १८५७ मध्ये अमेरिकेत स्मिथ अँड वेसननं ‘.२२ शॉर्ट’ आणलं, १८८७ मध्ये ‘.२२ लाँग रायफल’ आलं. ऑलिंपिकमध्ये आजही तेच वाजतं. शिशाची २.६ ग्रॅमची गोळी, वर मेणाचा हात फिरवलेला, मागे ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास दारू. चिमूटभरही म्हणवत नाही.

स्पर्धेच्या काडतुसात ही गोळी नळीतून साधारण सेकंदाला ३२५ मीटर वेगानं निघते. म्हणजे आवाजाच्या वेगाच्या जरा खाली, आणि हे मुद्दाम. टार्गेटच्या मधल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. पुढचं प्रत्येक वर्तुळ आठ-आठ मिलिमीटरनं बाहेर.

आता वारा. समजा, उजवीकडून डावीकडे सेकंदाला ३ मीटर वेगानं वाहतोय. अंगणातली वाळत घातलेली चादर हलते एवढाच. गोळी ५० मीटर जायला ०.१६ सेकंद घेते. तेवढ्या वेळात वारा ४८ सेंटिमीटर सरकतो. गोळी वाऱ्याबरोबर पानासारखी वाहत गेली असती तर टार्गेटच चुकलं असतं. तशी ती जात नाही. मग दुसरी समजूत येते, की वारा गोळीच्या कुशीवर थापटतो आणि ती भिंतीवर धक्का बसावा तशी बाजूला ढकलली जाते. हेही बरोबर नाही, आणि खरी गंमत इथं सुरू होते.

गोळीवर बसून पाहा. पावसात स्कूटर चालवताना पाऊस सरळ खाली पडत असला तरी आपल्याला तो समोरून तोंडावर येतोय असं वाटतं. तसंच इथं. गोळीला समोरून ३२५ मीटरचा वारा जाणवतो, त्यात बाजूचा ३ मीटरचा मिसळतो. दोन्ही मिळून जो वारा तिला ‘जाणवतो’, तो अगदी नाकासमोरून नसतो, अर्ध्या अंशानं उजवीकडून असतो. गोळी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे स्थिर असते, आणि नळीतून बाहेर पडताच ती आपलं नाक या जाणवणाऱ्या वाऱ्याकडे वळवून घेते. छपरावरचा वातकुक्कुट वळतो तशी. एकदा नाक तिकडं वळलं की कुशीवर वारा उरतच नाही! उरतो फक्त हवेचा विरोध, नाकापासून शेपटीकडे, सरळ मागे खेचणारा.

पण ‘सरळ मागे’ म्हणजे आता कुठं? नाक अर्धा अंश उजवीकडे, म्हणजे मागची दिशा अर्धा अंश डावीकडे. विरोधाचा जवळजवळ सगळा जोर गोळीचा वेग कमी करण्यात जातो आणि त्यातला शंभरावा हिस्सा तिला डावीकडे ओढतो. म्हणजे गोळी बाजूला जाते ती वाऱ्याच्या ढकलण्यानं नव्हे, हवेच्या विरोधाच्या तिरक्या ओढीनं. विरोध नसता तर वारा कितीही असो, गोळी हललीच नसती. गोळीच्या बुडाला एक छोटं इंजिन बसवून तिचा वेग जराही कमी होऊ दिला नाही, तर वादळातही ती सरळ जाईल.

यातून एक फार सुटसुटीत हिशेब निघतो. मध्ये हवाच नसती तर गोळीला ५० मीटर जायला किती वेळ लागला असता ते काढा: ५० भागिले ३२५, म्हणजे ०.१५४ सेकंद. प्रत्यक्षात लागतात सुमारे ०.१६०. उशीर झाला ०.००६ सेकंदाचा. या उशिराला वाऱ्याच्या वेगानं गुणा. सहा हजारांश गुणिले ३ मीटर, बरोबर १८ मिलिमीटर. गोळी इतकी डावीकडे लागेल. वाऱ्याचा वेग गुणिले उशीर, बस्स. एकूण वेळेचा यात संबंधच येत नाही. प्रवास किती वेळ चालला हे वारा विचारत नाही, किती उशीर झाला तेवढंच विचारतो. एसटी कितीला सुटली यापेक्षा किती लेट झाली यावरच पुढचे सगळे घोळ ठरतात, तसं.

आता माझ्या मित्राचं ‘दमाचं’ काडतूस घ्या. डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘हाय व्हेलॉसिटी’ लिहिलेलं. गोळी तीच, वेग ३८० मीटर. हवा नसती तर ०.१३२ सेकंदात पोचली असती, प्रत्यक्षात लागतात साधारण ०.१४१. प्रवास लवकर संपला हे खरं, पण उशीर झाला ०.००९ चा. त्याच वाऱ्यात ही गोळी २७ मिलिमीटर सरकते, म्हणजे दीडपट. सावकाश गोळीला त्या झुळकीत आठ गुण मिळाले असते, वेगवान गोळीला सात.

जास्त वेगाला जास्त उशीर का? कारण आवाजाच्या वेगाच्या आसपास हवेचा विरोध नुसता वाढत नाही, उसळतो. पुढच्या हवेला ‘बाजूला हो’ हा निरोप आवाजाच्याच वेगानं पोचतो. गोळी निरोपाच्याही पुढं धावू लागली की समोरची हवा दाबली जाते आणि नाकावर धक्का-लाट तयार होते. ती लाट उभी करायला लागणारी ऊर्जा गोळीच्या खिशातून जाते. ३८० नं निघालेली गोळी बहुतेक वाट या महागड्या पट्ट्यात काढते. ३२५ ची शहाणी गोळी बरीचशी त्याच्या खालून निघून जाते. म्हणून या खेळात ताकदीची जाहिरात करणारा डबा नेमबाज हातात घेत नाहीत.

आणखी एक खोलातली गोष्ट सांगतो. इथं दोन-चार वाचक गळतील हे मान्य, पण मला सोडवत नाही. नळीत आतून स्क्रूसारखे आटे असतात, १६ इंचांत एक वेढा. ३२५ मीटर वेगाला ते सेकंदाला ८०० फेरे देतात, मिनिटाला ४८ हजार. घरचा मिक्सर अठरा-वीस हजारांवर कानठळ्या बसवतो. गोळी म्हणजे आडवा भोवरा. आणि भोवऱ्याची खोड आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. त्याला एका बाजूला कलवायला जावं तर तो काटकोनात भलतीकडेच झुकतो. नळीतून निघताच नाक वाऱ्याकडे वळतं म्हणालो ना, ते वळताना हीच खोड नडते आणि गोळीच्या वाटेला एक उभी ढुशी मिळते. आटे उजवे असतील तर उजवीकडच्या वाऱ्यात गोळी डावीकडे आणि किंचित वर, डावीकडच्या वाऱ्यात उजवीकडे आणि किंचित खाली. टार्गेटला घड्याळ समजा. वाऱ्यानं विस्कटलेल्या गोळ्या आडव्या ओळीत नाही, दहाच्या आकड्यापासून चारच्या आकड्याकडे उतरत्या तिरप्या रेषेत सापडतात. कागदावरची ती तिरपी रांग पहिल्यांदा पाहिली तेव्हा भौतिकशास्त्राच्या पुस्तकातलं गायरोस्कोपचं प्रकरण मला कधी नव्हे ते खरं वाटलं.

हे सगळं ठाऊक असूनही नेमबाज काय करतो? रेंजवरच्या झेंड्या बघतो, थांबतो, झेंडी हव्या त्या कोनात आली की चाप ओढतो. यात ध्यानधारणेची गूढ शक्ती वगैरे काही नाही. पदकानंतर ‘एकाग्रता वाढवणारे’ खडे आणि अंगठ्या यांच्या जाहिराती माझ्याही फोनवर आल्या. पुष्कराजानं वाऱ्याचा उशीर कमी होत नाही. त्याच ऑलिंपिकमध्ये खिशात हात घालून उभा असलेला तुर्कस्तानचा युसुफ दिकेच जगभर व्हायरल झाला, ‘बघा, उपकरणांशिवाय रौप्य!’ म्हणून. माणूस थोरच. पण तो १० मीटरवर, बंद हॉलमध्ये, एअर पिस्तुलानं खेळत होता. तिथं झेंडी नसते कारण वारा नसतो.

तरी वारा निदान झेंडीवर दिसतो. त्याहून चिडका शत्रू डब्याच्या आत असतो. रिमफायर काडतूस घरी पुन्हा भरता येत नाही. कारखान्यानं दिलं ते घ्यायचं. दोन गोळ्यांच्या वेगात ६ मीटरचा फरक पडला, तर ५० मीटरवर उंचीत साडेचार मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे बटणाचा जवळजवळ अर्धा. म्हणून मोठे नेमबाज आपली रायफल घेऊन काडतुसांच्या कारखानदारांकडे जातात, इंग्लंडला बर्मिंगहॅममध्ये एलीकडे किंवा जर्मनीत शोनेबेकला लापुआकडे. तिथं नळी शिकंज्यात आवळून एकामागून एक लॉट, म्हणजे एका वेळी बनलेल्या काडतुसांचा घाणा, तपासतात आणि जो जुळेल तो वर्षभराचा उचलतात. एका रायफलीला जीव लावणारा लॉट शेजारच्या तशाच रायफलीत भिकार निघतो. याचं एक कारण म्हणजे नळी थरथरते. गोळी आत असतानाच तिचं तोंड वरखाली होत असतं. तोंड वर जात असतानाच्या क्षणी गोळ्या बाहेर पडल्या, तर मंद गोळी थोडी उशिरा, म्हणून थोड्या वरच्या कोनात निघते आणि आपली कसर आपणच भरून काढते. नळीच्या टोकाला वजन लावून हा क्षण जुळवणारे हौशी लोक आहेत. त्यांच्याशी बोलायला बसायचं असेल तर संध्याकाळ मोकळी ठेवा.

आणि मग जुन्या रायफली जमवणारे. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात इंग्रज शिपायांचा कच्चा नेम उघडा पडला, तेव्हा कानपुरात जन्मलेले इंग्रज सेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांनी गावोगावी छोट्या रायफलींचे क्लब काढण्याचा धोशा लावला. बीएसए या इंग्रज कंपनीच्या मार्टिनी रायफली त्याच लाटेत घडत गेल्या. अमेरिकेत विंचेस्टर ५२ ही रायफल १९२० पासून १९८० पर्यंत बनली. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व जर्मनीतून उठून उल्मला आलेल्या अंशुट्झ या रायफल कंपनीनं पुढं ऑलिंपिकची रांगच व्यापली. आपल्याकडे या छंदाला कायद्याची वेस आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवान्यावर दोनच हत्यारं. खेळाडूंच्या सवलती वेगळ्या.

कोल्हापुरात, म्हणजे म्युनिकला २०१० मध्ये ५० मीटर प्रोनची (पालथं पडून मारायचा प्रकार) विश्वविजेती झालेल्या तेजस्विनी सावंतच्या गावात, माझ्या ओळखीचे एक काका आहेत. वडिलांकडून आलेली मार्टिनी त्यांच्याकडे आहे, कागदपत्रांसह. मूठ धरून खालची लिव्हर ओढली की आतला ठोकळा खाली झुकतो. एक राउंड बोटानं आत सरकवायचा, लिव्हर वर, ‘टक्’. दस्त्याच्या अक्रोडाला गालाच्या जागी पडलेला काळपट डाग आहे, वडिलांचा. काकांनी तो कधी पुसू दिला नाही.

ती रायफल एकाच लॉटवर खूश होती. काकांनी वीसेक वर्षांपूर्वी तो जमेल तेवढा घेतला, जपून वापरला, आणि आता कपाटात शेवटचा डबा उरलाय. उघडल्यावर जुन्या मेणाचा, देवघरासारखा वास येतो. प्लॅस्टिकच्या खाचांत तेरा काडतुसं उभी. गेल्या दिवाळीत मी सहज विचारलं, यातलं एक मारून बघू का रेंजवर? काका हसले नाहीत. झाकण लावून त्यांनी डबा आत ठेवला आणि मला चिवडा पुढं केला.