मॅक्युला गेल्यावर उरलेल्या नजरेची तपासणी

मॅक्युला म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा मधोमधचा साधारण साडेपाच मिलिमीटरचा भाग, पुस्तकात याला पीतबिंदू म्हणतात. वाचणं, सुई ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं ही बारीक कामं याच्याच जिवावर. वयामुळे, डायबेटिसमुळे किंवा तरुणपणीच स्टारगार्टसारख्या आनुवंशिक आजारामुळे हा भाग खराब झाला की नजरेच्या मधेच डाग येतो, कडेची नजर मात्र बहुतेक वेळा शाबूत राहते. ही उरलेली नजर किती आहे, पडद्यावर नेमकी कुठे आहे आणि कोणत्या कामाला येईल हे शोधणं म्हणजे लो व्हिजन तपासणी. निदान, ओसीटी (पडद्याच्या थरांचा स्कॅन), इंजेक्शनं हे पडद्याच्या डॉक्टरांचं काम, ते वेगळं.

घरच्यांचा गोंधळ इथेच होतो. आजोबा नाशिकच्या सीबीएस बसस्टँडच्या गर्दीतून कुणाला न धडकता नीट चालतात, खड्डा चुकवतात, आणि घरी आल्यावर दारातल्या सुनेला विचारतात कोण गं तू, मग सगळ्यांना वाटतं मुद्दाम करतायत. मुद्दाम काही नाही, चालायला कडेची नजर पुरते, चेहऱ्याला मधलीच लागते.

सुरुवात अक्षरांच्या तक्त्यानं होते. स्नेलेनचा तक्ता 1862 चा, पण त्यात वरच्या ओळीत एकच मोठं अक्षर, त्यामुळे कमी नजरवाल्याचा आकडा धड निघत नाही. म्हणून प्रत्येक ओळीत 5 अक्षरं असलेला लॉगमार तक्ता वापरतात, 4 मीटरवर, नाही दिसलं तर 2 किंवा 1 मीटरवर आणून. पेशंट मान वाकडी करून, तिरकं बघून अक्षर शोधत असेल तर शोधू द्यायचं. 'सरळ बघा' म्हणून दटावणारा तपासनीस नेमकी तीच नजर बंद करतो जी मोजायला तो बसलाय.

मग डाग. आम्सलर ग्रिड सगळ्यांना माहीत असते, 10 सेंटिमीटरची चौकट, आत 5 मिलिमीटरचे चौकोन, 30 सेंटिमीटरवर धरली की एक चौकोन साधारण 1 अंश. पण मेंदू डागाची जागा आजूबाजूच्या रेघांनी भरून टाकतो, त्यामुळे 'सगळ्या रेघा दिसतात' म्हणणाऱ्यालाही चांगला मोठा डाग असू शकतो. मायक्रोपेरिमेट्रीचं मशीन पडद्यावर नजर ठेवून एकेक बारीक प्रकाशाचा ठिपका दाखवतं आणि कुठली जागा जिवंत आहे याचा नकाशा देतं. मशीन नसेल तर घड्याळाची तबकडी काढायची, मधे एक खूण करायची, पेशंटला 12 कडे, 3 कडे, 7 कडे बघायला लावायचं आणि विचारायचं, कुठे बघितल्यावर मधली खूण साफ दिसते? ज्या दिशेला उत्तर येतं तिकडे नजर ठेवून वाचायची सवय पुढे लावतात. साधी युक्ती आहे, पण माझ्या मते अख्ख्या तपासणीत पेशंटच्या सगळ्यात जास्त कामाची हीच.

डाग कुठल्या बाजूला हे वाचनात लगेच कळतं. उजवीकडे असेल तर शब्दाचं शेपूट जातं, बसच्या पाटीवरचं नाशिकरोड नुसतं नाशिक वाचलं जातं, आणि डावीकडे असेल तर पुढच्या ओळीची सुरुवातच सापडत नाही. म्हणून सुटी अक्षरं वाचून घेणं पुरत नाही, मराठी परिच्छेद द्यायचा, वेग बघायचा, किती मोठ्या टाइपाखाली वेग पडतो ते लिहून ठेवायचं. भिंगाचा अंदाज उलट्या भागाकारानं निघतो, 6/60 नजर (निरोगी डोळ्याला 60 मीटरवरून दिसतं ते याला 6 मीटरवरून) म्हणजे 60 भागिले 6, साधारण 10 डायॉप्टर (भिंगाच्या ताकदीचं माप), पण तो फक्त पहिला अंदाज.

कॉन्ट्रास्ट, म्हणजे फिक्या-गडदातला फरक ओळखणं, बरेचदा राहूनच जातो. पेली-रॉबसन तक्त्यावर, 1988 चा, सगळी अक्षरं एकाच मापाची असतात, फक्त फिकी होत जातात. अक्षरांच्या तक्त्यावरचा आकडा बरा असूनही इथे अडकणारा माणूस रामकुंडाच्या एकरंगी दगडी पायऱ्यांवर चाचपडतो, कारण पायरीची कड वेगळी उठून दिसत नाही, आणि स्टीलच्या ताटात दहीभात कुठे संपला हे त्याला कळत नाही. अशाला भिंगाआधी चांगला दिवा आणि गडद ताट द्या.

दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटसाठी यातलं फारसं काही धरत नाहीत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात चष्मा लावून चांगल्या डोळ्याची नजर 6/18 पेक्षा कमी ते 3/60 पर्यंत असेल किंवा नजरेचा घेर 40 अंशांपेक्षा कमी ते 10 अंशांपर्यंत असेल तर अल्पदृष्टी, बऱ्याच सवलतींना 40 टक्के दिव्यांगत्व लागतं, वाचनाचा वेग आणि कॉन्ट्रास्ट हिशेबातच नाही. नाशिकमध्ये नॅबचं (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) महाराष्ट्र युनिट आहे, पुढच्या प्रशिक्षणाची चौकशी तिथे करता येते.

तपासणीला येताना जुने सगळे चष्मे, घरचं भिंग आणि जे वाचायचंय ते आणावं, पासबुक, गोळ्यांची स्ट्रिप, पोथी, काहीही. आणखी एक प्रश्न विचारायचाच असतो, नसलेली माणसं, फुलं, नक्षी दिसते का? याला चार्ल्स बॉनेट सिंड्रोम म्हणतात, नजर गेल्यामुळे मेंदू चित्रं तयार करतो, हे वेड नाही. पण वेड्यात काढतील या भीतीनं म्हातारी माणसं हे लपवतात, तेव्हा नातेवाईकांना बाहेर बसवून विचारलं तर खरं उत्तर मिळायची शक्यता जास्त.