नवी बॅटरी घेण्याआधी: डिझेल पिकअपचं चार्जिंग असं तपासा

सेल्फ नुसता 'कट-कट' करतो, गाडी धक्क्यावर सुरू होते आणि मालक सरळ बॅटरीच्या दुकानात जातो. बॅटरी गेलेली असूही शकते. पण चार्जिंग न बघता बसवलेली नवी बॅटरीही उतरते आणि खर्च दोनदा होतो. साधा डिजिटल मल्टिमीटर असला, तर निम्मं निदान तुमच्या अंगणातच होतं.

तीन रीडिंग

पहिलं रीडिंग सकाळी, किल्ली लावण्याआधी घ्या. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, सुया बॅटरीच्या प्लस-मायनसवर लावा. १२.६ म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. १२ च्या खाली असेल तर आधी बाहेरून चार्ज करून घ्या, नाहीतर पुढच्या आकड्यांना अर्थ नाही.

दुसरं रीडिंग सेल्फ मारताना. भरलेली बॅटरी ९.६ च्या खाली गेली, तर एकतर बॅटरीत दम उरलेला नाही, नाहीतर सेल्फच जास्त करंट ओढतोय.

तिसरं इंजिन सुरू करून, थोडी रेस देऊन, म्हणजे १५०० आरपीएमच्या आसपास. इथे १३.८ ते १४.४ हवेत, आणि हेडलाइट व ब्लोअर लावल्यावरही १३.५ च्या खाली जायला नको. आकडा १२.५ वरच अडकला तर डायनमो (अल्टरनेटर, इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा) भरत नाही. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर (व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा भाग, जुन्या मिस्त्रींचा कटआउट) गेलेला आहे. बॅटरीचं पाणी वारंवार आटतं, बल्ब उडतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या उन्हात, तापलेल्या इंजिनवर १३.६ दिसलं तर काळजी नको, गरमीत रेग्युलेटर व्होल्टेज मुद्दाम थोडं कमी ठेवतो.

डायनमो खोलण्याआधी

किल्ली ऑन केल्यावर डॅशबोर्डवरचा लाल बॅटरी-दिवा लागला पाहिजे, इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. किल्ली ऑनला तो लागतच नसेल, तर खूश होऊ नका. बऱ्याच गाड्यांत त्या दिव्याच्या वायरमधूनच डायनमोला सुरुवातीचा करंट मिळतो. बल्ब उडाला किंवा वायर तुटली की चांगला डायनमोही गप्प बसतो.

पट्टा अंगठ्याने दाबा. साध्या व्ही-बेल्टला साधारण १० मिलिमीटर लवचिकता ठीक. पट्टा चकाकत असेल, हेडलाइट लावल्यावर किंचाळत असेल, तर तो घसरतोय. ज्या गाडीत ऑटो टेन्शनर (पट्टा आपोआप ताणून ठेवणारा) आहे, तिथे टेन्शनरची स्प्रिंग बघावी लागते.

मग वायरी. इंजिन चालू, लाइट चालू ठेवून मीटरची एक सुई डायनमोच्या जाड वायरच्या बोल्टवर, दुसरी बॅटरीच्या प्लसवर. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक म्हणजे जोड गंजलाय किंवा फ्युजिबल लिंक (जास्त करंटला वितळणारी फ्यूज-वायर) तापतेय. हेच डायनमोच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत करा, इथे ०.२ च्या आत हवं. अर्थिंगची पट्टी साफ करून नीट कसली की काम होतं, अशा गाड्यांत डायनमो विनाकारण बदलला जातो.

एक विनंती: चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढून 'डायनमो चालतो का' हे बघू नका. जुन्या गाड्यांत ते खपून जायचं. कॉमन रेल (इलेक्ट्रॉनिक डिझेल इंजेक्शनच्या) इंजिनात त्या झटक्याने डायोड (डायनमोतला एसी करंट डीसी करणारे), रेग्युलेटर आणि ईसीयूही (इंजिनचा कॉम्प्युटर) जाऊ शकतो, आणि ईसीयूच्या पैशात बऱ्याच बॅटऱ्या येतात.

डायनमोच्या मागचा व्हॅक्यूम पंप

अनेक डिझेल पिकअपमध्ये ब्रेकच्या बूस्टरचा (पेडल हलकं करणाऱ्या भागाचा) व्हॅक्यूम पंप डायनमोच्याच मागे बसवलेला असतो आणि त्याला इंजिनचं ऑइल जातं. सील गेलं की ऑइल आत उतरतं, ब्रश आणि स्लिप रिंग (डायनमोच्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे) चिकट होतात, चार्जिंग कधी येतं कधी जातं. नुसते ब्रश बदलले तर दुखणं परत येणारच. सीलही बदलायलाच हवं. डायनमो ऑइलने ओला दिसत असेल तर ब्रेकही तपासा. बंद इंजिनवर पेडल चार-पाच वेळा दाबा, दाबूनच ठेवा आणि सेल्फ मारा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं, तर माल भरून कन्नड घाट उतरण्याची वेळ ही नव्हे.

कापूस वाहणाऱ्या गाड्यांचा वेगळा त्रास. जिनिंगच्या रुईचे तंतू डायनमोच्या जाळीत बसतात, हवा अडते, डायोड तापून जातात. हंगामात अधूनमधून कोरड्या हवेने जाळी साफ करा. सर्व्हिसिंगच्या पाण्याचा फवारा मात्र थेट डायनमोवर मारू नका. डायोड गेला का, हे एसी व्होल्टवर कळतं: इंजिन चालू असताना बॅटरीवर ०.५ पेक्षा जास्त एसी दिसला की डायोड प्लेट संशयित.

चार्जिंग ठीक, तरी सकाळी बॅटरी उतरलेली

मग उभ्या गाडीत करंट गळतोय. मायनसची वायर काढून मध्ये अँपिअरवर मीटर लावा, गाडी लॉक करून अर्धा तास थांबा. ५० मिलिअँपिअरच्या वर असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा पडतो, ती लाइन. बहुतेकदा रिलेशिवाय थेट जोडलेलं जीपीएस, टेप किंवा कॅबिनचा पंखा निघतो. केळीचा माल भरेपर्यंत रावेर-यावलकडे रात्री लाइट आणि गाणी चालू ठेवून उभ्या राहणाऱ्या गाडीत मात्र दोष शोधायची गरज नसते.

गाडी आमच्या गॅरेजमध्ये आणताना वरची तिन्ही रीडिंग कागदावर लिहून आणा, बॅटरीचं वॉरंटी कार्ड आणि मागे बदललेल्या पार्टचं बिल सोबत ठेवा. दोष फक्त गरम इंजिनवर येत असेल तर आधी सांगा, म्हणजे थंड गाडी तपासून 'सगळं ठीक' म्हणायची वेळ येणार नाही.