कोरहाचं बंड

बायबलच्या ‘गणना’ या पुस्तकातल्या १६व्या अध्यायात आलेला, इस्राएली लोकांचा पुढारी मोशे आणि त्याचा भाऊ, मुख्य याजक (पुरोहित) अहरोन यांच्याविरुद्धचा उठाव. लेवी वंशातला कोरह, रऊबेन वंशातले दाथान, अबीराम आणि ओन, शिवाय मंडळीतले (म्हणजे इस्राएली समाजातले) २५० प्रमुख हे सगळे जमून विचारतात की सगळी मंडळीच पवित्र आहे, मग तुम्ही दोघंच स्वतःला मोठं का करून घेता? पुढे जमीन दुभंगते, अग्नी २५० जणांना खाऊन टाकतो. ओनचं मात्र पुन्हा नाव येत नाही.

खरा गुंता कथेच्या घडणीत आहे. कोरहाची तक्रार याजकपदावरून आहे आणि तो धुपाटणं घेऊन दर्शनमंडपापाशी (उपासनेच्या तंबूपाशी) उभा, तर दाथान-अबीराम आपापल्या तंबूंच्या दारात, आणि त्यांचं मोशेला म्हणणंच वेगळं, की दूधमधाच्या देशातून (हे ते मिसरबद्दल, म्हणजे इजिप्तबद्दल म्हणतायत) काढून आम्हाला रानात मारायला आणलंस आणि वर आमच्यावर सत्ता गाजवतोस. बायबलमधल्याच ‘अनुवाद’ या पुस्तकात (११:६) आणि स्तोत्र १०६ मध्ये, दोन्ही ठिकाणी फक्त दाथान-अबीराम आहेत, कोरह नाहीच. त्यामुळे दोन कथा नंतर एकत्र गुंफल्या असं बरेच अभ्यासक मानतात, दाथान-अबीरामची जुनी आणि कोरहाची याजकीय (याजकांच्या वर्तुळातून आलेल्या) परंपरेतली, जी साधारण इ.स.पू. सहाव्या-पाचव्या शतकात नेतात, काहींना तर याजकीय भागातही दोन थर दिसतात. कथा मुळातच एकसंध आहे असं मानणारेही आहेत, पण ‘अनुवाद’मधला उल्लेख बघता पहिलं मत जास्त पटतं. इस्राएलमधल्या तेल अराद या उत्खननस्थळी सापडलेल्या एका भांड्यावर ‘कोरहाचे पुत्र’ असा लेख आहे, तो बहुधा इ.स.पू. आठव्या शतकाच्या आसपासचा, म्हणजे या नावाचं घराणं होतं असं दिसतं, बंडाचा काळ मात्र त्यावरून ठरत नाही.

या कथेतला नम्रतेचा धडा बहुतेक वेळा बंडखोरांच्या शिक्षेतून काढतात, पण तो मोशे-अहरोनच्या वागण्यात जास्त आहे. आरोप ऐकल्याबरोबर मोशे जमिनीवर पालथा पडतो, बोलतो ते त्यानंतर. तो संतापतोही, मी यांचं एक गाढवसुद्धा घेतलेलं नाही असं देवाला सांगतो, आणि तरी निरोप धाडूनही न आलेल्या दाथान-अबीरामकडे स्वतः उठून जातो. भांडण धरून ठेवू नये हे तालमूद या यहुदी धर्मग्रंथात (सान्हेद्रिन ११०अ) याच प्रसंगावरून शिकवलंय. दुसऱ्या दिवशी लोक पुन्हा कुरकुरतात, मरी येते, १४,७०० माणसं दगावतात आणि ज्याच्या पदावरून एवढं रामायण झालं तोच अहरोन धुपाटणं घेऊन धावतो आणि मेलेल्या आणि जिवंत माणसांच्या मधे उभा राहतो.

कोरहाचे मुलगे वाचले (गणना २६:११). स्तोत्र ४२, ८४ वगैरे त्यांच्या वंशजांच्या नावावर आहेत. यहुदी वाचनक्रमात हा भाग साधारण जून-जुलैत येतो, कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाकडेही. कुराणातला (सूरा २८) कारून हा हाच, पण तिथे भर त्याच्या संपत्तीच्या गर्वावर आहे.