८.३० टक्के यील्ड म्हणजे नेमकं काय बे?

परवा मामाजी काटोलहून नागपूरला आले, सीताबर्डीत काहीतरी काम होतं, आणि येताना एका बँकेच्या एफडीचं, म्हणजे मुदत ठेवीचं, पत्रक घेऊन आले. वर ठळक यील्ड ८.३० टक्के, खाली मुंगीएवढ्या अक्षरात व्याजदर ७ टक्के, मुदत ५ वर्षं. "हे दोन-दोन आकडे काऊन देऊन राहिले बे?"

मामाजींचा जन्म कापूस-संत्र्यात गेला, म्हणून म्हटलं यील्ड म्हणजे तुमचा उतारा. १०० किलो कापूस जिनिंगला नेला की सरकी वेगळी होऊन साधारण ३३-३५ किलो रुई निघते, तो रुईचा उतारा. (सातबाराचा उतारा वेगळा, नजर लागली की ओवाळून टाकतात तो तर आणखीनच वेगळा, आपल्याकडे एका शब्दावर किती ओझं!) किती टाकलं आणि किती निघालं, बस.

इंग्रजीतही या शब्दावर ओझं कमी नाही. मूळ अर्थ देणं, चुकतं करणं, जर्मन लोक पैशाला गेल्ड म्हणतात ते याच खानदानातलं. अमेरिकेत चौकात समोरच्या गाडीला वाट द्या या पाटीवर यील्डच लिहितात, आपल्या व्हेरायटी चौकात लावून काही फायदा नाही म्हणा. घर बांधताना ५०० नंबरची सळाख मागतो ना, तो ५०० पण यील्डच, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला निदान ५०० न्यूटन ताण ती सहन करते, त्याच्या आत सोडली तर जवळपास होती तशी होते, पुढे गेलं की हार मानते आणि कायमची लांबते.

आता पत्रक. १ लाख रुपये, ७ टक्के, दर तीन महिन्यांनी चक्रवाढ, ५ वर्षांनी होतात १,४१,४७८. वरचे ४१,४७८ भागिले ५ केलं तर वर्षाला ८,२९६, झाले ८.३० टक्के! खोटं काहीच नाही, पण व्याजावरचं व्याजसुद्धा पहिल्या दिवसाच्या १ लाखाशीच तोललंय. खरा वर्षाचा दर पडतो ७.१९. आणि गंमत पाहा, हीच एफडी १० वर्षं ठेवली तर याच हिशोबाने यील्ड १० टक्क्यांच्या वर जातं, व्याजदर तोच ७!

म्हणून यील्ड दिसलं की मी आधी पाहतो, भागलंय कशाने. १००० रुपयांचा बाँड, म्हणजे कर्जरोखा, वर्षाला ७० व्याज देतो, बाजारात ९०० ला मिळाला तर यील्ड ७.७८, ११०० ला घेतला तर ६.३६, हातात येणारे ७० तेच. म्हणून बाँडची किंमत चढली की यील्ड उतरतं. शेअरचं तर जास्तच फसवं, २०० च्या शेअरवर १० रुपये डिव्हिडंड (कंपनी नफ्यातून देते तो वाटा) म्हणजे ५ टक्के, शेअर पडून १०० झाला की तेच १० टक्के दिसतात आणि लोक खूश होऊन घेतात, कंपनीने एक पैसा जास्त दिलेला नसतो, उलट पुढच्या वर्षी डिव्हिडंड कापतील या भीतीनेच बरेचदा भाव पडलेला असतो.

मामाजी म्हणाले, "म्हणजे साहेब लोक हेक्टरी १५ क्विंटल म्हणतात अन् आम्ही एकरी ६, तसंच ना?" हाव, अगदी तसंच, हेक्टरात अडीच एकर.

मग त्यांनी पत्रकाच्या कोऱ्या बाजूला १० वर्षांचा हिशोब स्वतः करून पाहिला, दोनदा, आणि चष्मा काढत म्हणाले, "तो ७.१९ वाला आकडा लिहून दे. पोस्टात किती देतात ते विचारून येतो."