कसाव्यातील मोझॅक रोगप्रतिकारक्षमतेची आनुवंशिकी

कसावा (टॅपिओका, शास्त्रीय नाव मॅनिहॉट एस्क्युलेंटा) या मूळपिकात मोझॅक रोगाला तोंड देण्याची क्षमता कोणत्या जनुकांमुळे येते आणि ती पुढच्या पिढीत कशी उतरते, याचा अभ्यास. हा रोग १८९४ मध्ये पूर्व आफ्रिकेत, आजच्या टांझानियाच्या भागात, प्रथम नोंदला गेला. पानांवर पिवळे-हिरवे चट्टे पडतात, पाने आक्रसतात आणि मुळे पोसत नाहीत. रोगाला कारण होणारे जेमिनी विषाणू (डीएनए विषाणूंचा एक गट) पांढऱ्या माशीमार्फत पसरतात. त्याहून मोठा धोका बेण्याचा आहे. कसाव्याची लागवड खोडाच्या कांड्यांपासून होते, त्यामुळे रोगट झाडाची कांडी लावली की रोगही नव्या शेतात जातो.

प्रतिकारक्षमतेचा शोध १९३० च्या दशकात टांगानिकातील (आजचा टांझानिया) अमानी या संशोधन केंद्रात सुरू झाला. स्टोरी व निकोल्स या शास्त्रज्ञांनी कसाव्याचा संकर मॅनिहॉट ग्लाझिओव्हाय या रबर देणाऱ्या रानटी नातलगाशी केला आणि मुळे पुन्हा खाण्याजोगी व्हावीत म्हणून संततीचा कसाव्याशी वारंवार पश्चसंकर केला. त्यातले काही वाण पुढे नायजेरियात पोहोचले. १९७० च्या दशकात इबादान येथील आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेने त्यांच्यावरून टीएमएस ३०५७२ सारखे वाण तयार केले. या रानटी वारशाला सीएमडी १ म्हणतात (सीएमडी म्हणजे कसावा मोझॅक डिसीज, या रोगाचे इंग्रजी नाव). तो अनेक जनुकांवर अवलंबून असून अप्रभावी, म्हणजे दोन्ही पालकांकडून मिळाला तरच दिसणारा, मानला जातो, त्यामुळे संकरात तो टिकवणे किचकट ठरते.

सीएमडी २ सापडले ते नायजेरियातील शेतकऱ्यांच्या गावठी वाणांत. हे एकच प्रभावी स्थान (जनुकाची गुणसूत्रावरील जागा) १२ व्या गुणसूत्रावर आहे. एका पालकाकडून मिळाले तरी काम भागते, म्हणून पैदासकारांनी त्याचा सढळ वापर केला. जरा जास्तच सढळ, असे म्हणावे लागेल. अशा झाडाला लागण होते, सुरुवातीची पाने चट्टेदार दिसतात, पण नंतरची पालवी स्वच्छ येते. म्हणजे झाड रोग टाळत नाही, त्यातून सावरते. पुढे टीएमएस ९७/२२०५ या वाणात सीएमडी २ च्या जोडीला सीएमडी ३ हे आणखी एक स्थान आढळले.

सीएमडी २ मधले नेमके जनुक बराच काळ हाती लागत नव्हते. त्यातच एक कोडे उभे राहिले. हे वाण ऊतिसंवर्धनात कायिक भ्रूणांमार्फत (झाडाच्या साध्या पेशींपासून तयार केलेल्या भ्रूणांमार्फत) पुन्हा वाढवले की त्यांची प्रतिकारक्षमता नाहीशी होई. सीएमडी १ आणि सीएमडी ३ च्या वाणांत मात्र ती टिकून राही. आधी संशय गेला डीएनएवरील मेथिल खुणांवर (जनुकाचा मजकूर न बदलता त्याचे काम बदलू शकणाऱ्या रासायनिक खुणांवर), पण संपूर्ण जीनोम तपासूनही तसा पुरावा मिळाला नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हे स्थान १९० किलोबेसच्या (डीएनएच्या १ लाख ९० हजार अक्षरांच्या) पट्ट्यात बंदिस्त करण्यात आले आणि त्यातील एमईपोल्ड १ या जनुकातील एका अक्षराचा बदल प्रतिकारक्षमतेचे कारण म्हणून पुढे आला.

वनस्पतींतील बहुतेक परिचित प्रतिकार-जनुके रोगजंतूची चाहूल घेणारी प्रथिने बनवतात. एमईपोल्ड १ मात्र डीएनए पॉलिमरेज डेल्टाचा घटक बनवते, म्हणजे पेशीच्या स्वतःच्या डीएनएची प्रत काढणाऱ्या यंत्रणेचा. जेमिनी विषाणूकडे स्वतःचे पॉलिमरेज नसते. प्रती काढायला तो यजमानाच्या यंत्रणेवर विसंबतो. ती यंत्रणा जरा वेगळी झाली की त्याचे काम अडत असावे. रोगाला बळी पडणाऱ्या वाणात हे जनुक कृत्रिमरीत्या मंदावल्यावर तीही झाडे सावरली, ही बाब या तर्काला बळ देते. इतर सीएमडी २ वाणांतही याच जनुकात निराळे बदल आढळले आहेत.

ही ढाल फक्त मोझॅकपुरती आहे. मुळे आतून कुजवणारा तपकिरी रेषा रोग आरएनए विषाणूंमुळे होतो आणि सीएमडी २ त्याला रोखत नाही. मोझॅकला दाद न देणारी झाडेही पूर्व आफ्रिकेत या दुसऱ्या रोगाने वाया गेली आहेत.